मी यांना व्यक्तिशः ओळखतो

अ‍ॅडव्होकेट सुयश गोटीराम काकड मला माझ्या सख्ख्या साडूपेक्षा जास्त ओळखतो. साडूला माझं नाव आणि पंगतीत मी किती पुरणपोळ्या खातो एवढंच माहीत आहे. सुयशला माझं मूळ गाव, आजोळ, आजोळची माणसं हल्ली बोलत का नाहीत आणि दहावीला भूमितीनं मला कसं रडवलं, हे सगळं पाठ आहे. ही माहिती त्यानं कोर्टाच्या आवारात, रंगूबाईच्या चहाच्या टपरीवर मला उभं करून काढून घेतली. काम एवढंच होतं, की वीजबिलावरचा मी आणि आधार कार्डावरचा मी हे दोघे एकच इसम आहोत, असं प्रतिज्ञापत्र करायचं. त्यावर ओळख पटवणारा वकील म्हणून सुयशची सही हवी होती. पाऊण तास चौकशी झाल्यावर आम्ही दोघे एकच आहोत की नाही, याबद्दल मलाच शंका यायला लागली. मग कुठे त्यानं पेन काढलं.

हा पोरगा असा का झाला, हे समजायला नाशिकजवळच्या मखमलाबादला जावं लागेल.

गोटीराम काकडांचा तिथे फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. काकडांच्या घरातून आजवर कोर्टाची पायरी चढले होते ते फक्त हार. न्यायाधीशांची बदली झाली की निरोपाच्या कार्यक्रमाला गोटीरामांचा गुलाबाचा हार जायचा. अशा घरातल्या मुलानं बारावीनंतर वकिलीला प्रवेश घेतला, आणि त्याच संध्याकाळी पारावर त्याला कोणीतरी 'वकीलसाहेब' म्हणून हाक मारली. अजून त्याचं ओळखपत्रसुद्धा यायचं होतं. दुसऱ्या दिवशी एक चुलत चुलते सातबारा घेऊन आले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरून दोघे भांडतच आले आणि म्हणाले, "कोण बरोबर ते सांग, तू शिकतोस ना!" सुयशच्या पुस्तकाचं तेव्हा पहिलं पान उघडलेलं होतं. त्या पानावर रोमन साम्राज्याचा इतिहास होता.

वकिलीच्या कॉलेजात पाच वर्षं मुलांना काय शिकवतात, याची मला फार उत्सुकता होती. सुयशनं सांगितलं, की मुख्यतः मूट कोर्ट शिकवतात. म्हणजे लुटूपुटूचं कोर्ट. खोटा खटला, खोटे पक्षकार आणि खरा कोट. तिसऱ्या वर्षी सुयशनं त्यात मोठा चषक मिळवला. एका देशाचा उपग्रह दुसऱ्या देशाच्या समुद्रात पडला तर भरपाई कुणी द्यायची, असा तो खटला होता. सुयश चाळीस मिनिटं अस्खलित इंग्रजीत बोलला आणि त्यानं समुद्रवाल्या देशाला न्याय मिळवून दिला. नाशिकच्या दिवाणी कोर्टात अजून एकही उपग्रह पडलेला नाही. इथे बांध सरकतात, पाटाचं पाणी अडतं आणि समोरची पार्टी समन्स घ्यायच्या दिवशी नेमकी त्र्यंबकेश्वरला गेलेली असते. याविषयी कॉलेजात एकही तास झाला नव्हता.

मात्र शेवटच्या वर्षाला व्यावसायिक नीतिमत्ता नावाचा एक विषय होता. हा विषय सगळी मुलं परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गाइडातून वाचतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या सकाळी विसरतात. सुयशनं मूळ नियमांचं पुस्तक आणलं, दोनदा वाचलं आणि पेन्सिलनं खुणा केल्या. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ त्या पेन्सिलीत आहे.

सनद मिळाली तेव्हा मखमलाबादच्या चौकात फ्लेक्स लागला. मधोमध सुयश, काळ्या कोटात, हाताची घडी घातलेला. भोवती शुभेच्छुकांचे सत्तावीस फोटो. त्यांतल्या एका शुभेच्छुकाचा फोटो सुयशपेक्षा मोठा होता, कारण फ्लेक्स त्यानं लावला होता. खाली लिहिलं होतं, 'अन्यायाचा कर्दनकाळ'. कर्दनकाळाला तेव्हा वकीलपत्रावर तिकीट कुठे चिकटवतात तेही माहीत नव्हतं.

सनद मिळाली की माणूस वकील होतो, हा समज फक्त फ्लेक्सवाल्यांचा असतो. वकील व्हायला सीनियर लागतो. कोर्टात अशी प्रथा आहे, की नव्यानं आलेल्याला कुणीतरी आपल्या पंखाखाली घ्यावं लागतं. पंख मिळाला नाही तर सनद कपाटात आणि कोट हॅंगरवर. अ‍ॅडव्होकेट शेखरराव बोरस्ते यांचा पंख दिवाणी बाजूला सगळ्यात मोठा. तीस वर्षांची वकिली, आवारासमोरच दोन खोल्यांचं ऑफिस, आणि आवाज असा की साहेबांनी घसा खाकरला तरी समोरचा वकील पुढची तारीख मागतो. गोटीराम त्यांच्याकडे गुलाबांची पाटी घेऊन गेले. साहेबांनी एक फूल उचलून वास घेतला.

"सहा महिने बघू," साहेब म्हणाले. "जमलं तर ठेवून घेईन. नाही जमलं तर काही बिघडत नाही. फुलं फार चांगली आहेत तुमची."

या वाक्याचा अर्थ गोटीरामांना अर्धा कळला, सुयशला पूर्ण कळला. सहा महिन्यांत साहेबांच्या मनासारखं झालं नाही, तर अन्यायाच्या कर्दनकाळाला आपल्याच फ्लेक्सखालून झेंडूची क्रेट वाहायची होती.

ऑफिसात साहेबांच्या खालोखाल, आणि खरं सांगायचं तर जरा वरच, दत्तूभाऊ होते. दत्तूभाऊ साहेबांचे कारकून. कोणत्या कोर्टाचा कोणता शिरस्तेदार कोणत्या वारी खुशीत असतो, हे त्यांना तोंडपाठ. पहिल्याच सकाळी त्यांनी सुयशपुढे नऊ प्रतिज्ञापत्रांची चळत ठेवली.

"इथं सही, इथं सही, इथं शिक्का."

सुयशनं वाचायला सुरुवात केली. दत्तूभाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या हयातीत कोणी त्या कागदावरचा तो मजकूर वाचला नव्हता. तळाशी छापलेलं होतं, 'प्रतिज्ञापत्र करणाऱ्या इसमास मी व्यक्तिशः ओळखतो.'

"दत्तूभाऊ, हे कोण?"

"हे म्हणजे?"

"हे नऊ जण. मी यांना ओळखत नाही."

"बाहेर बाकावर बसलेत ते. बघ दारातून. बघितलंस? झाली ओळख."

"पण व्यक्तिशः लिहिलंय."

"मग एकेकाला व्यक्तिशः बघ!"

इथे सुयशची खरी चूक झाली, आणि ती मखमलाबादच्याच माणसाकडून होऊ शकते. 'ओळखतो' या शब्दाचा कोर्टातला अर्थ, आधार कार्डावरचा फोटो आणि समोरचं तोंड साधारण एकाच जातकुळीचं दिसतं, एवढाच आहे. गावाकडे ओळख इतकी हलकी नसते. तिथे कुठल्या गावचे, कुणाचे, कोणत्या वस्तीवरचे, आजोळ कुठलं, बहीण कुठे दिली, हे सगळं झाल्याशिवाय माणूस पाहुणाच असतो. आणि पाच टप्प्यांनंतर दोघांचा एखादा समान व्याही निघाला, की मग म्हणायचं, अरे, हे तर ओळखीचेच! सुयशनं नियमांचं पुस्तक वाचलं होतं आणि गाव त्याच्या अंगात होतं. दोन्ही एकत्र आली. तो उठला, बाहेर गेला आणि बाकावरच्या पहिल्या माणसाला म्हणाला, "दादा, चहा घेता का?"

त्या दिवशी नऊपैकी तीन प्रतिज्ञापत्रं झाली.

महिन्याभरात सुयशची कीर्ती आवारभर पसरली. इगतपुरीचा एक रेल्वेतला माणूस हरवलेल्या गुणपत्रिकेसाठी आला होता. सुयशनं त्याला विचारत विचारत थेट त्याच्या आत्याच्या नवऱ्यापर्यंत नेलं. तो नवरा एके काळी मखमलाबादला भाजी घ्यायला येत असे, हे निघाल्यावर दोघांनी हस्तांदोलन केलं. तोवर नोटरी जेवायला गेले होते. एका बाईंना लग्नानंतरचं नाव लावून घ्यायचं होतं. सुयशच्या प्रश्नांनी त्यांना इतकं माहेर आठवलं, की त्या नाव न बदलताच घरी गेल्या. काही लोकांना मात्र हे फार आवडायला लागलं. कोर्टात आलेल्या माणसाला 'नाव काय?' एवढंच विचारतात, आणि तेही ओरडून. इथे एक काळ्या कोटातला मुलगा चहा पाजून विचारतो, 'आई कशा आहेत?' लोक रांग सोडून त्याची वाट पाहू लागले. एक आजोबा तर काम नसताना यायचे.

शेजारच्या ऑफिसात योगिनी नावाची ज्युनिअर होती. कॉलेजात ती सुयशच्या एक वर्ष पुढे. एका दिवशी टपरीवर ती त्याची चौकशी लांबून ऐकत होती. पक्षकार गेल्यावर म्हणाली, "काकड, एक विचारू? तू वकील आहेस की स्थळ बघायला आलायस?"

"मी खोट्यावर सही कशी करू?"

"अरे, सगळे करतात."

"तू?"

योगिनीनं कपातला चहा संपवला. "मी निदान आधार कार्ड उलटून मागची बाजू बघते," ती म्हणाली.

चौथ्या महिन्यात बोरस्ते साहेबांनी सुयशला आत बोलावलं. साहेब रागावले की आवाज खाली आणतात.

"काकड, तुझ्या नीतिमत्तेबद्दल मला आदर आहे. पण माझ्या ऑफिसच्या दारात बाक कमी पडायला लागलेत. सोमवारी सावळीराम पाटलांचा दस्त आहे. मोठे पक्षकार आहेत. दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं, ओळखदार म्हणून दत्तूच्या खाली सही करायची आणि परत यायचं. तू कुणाला काहीही विचारायचं नाही. विचारलंस, तर तुझे सहा महिने सोमवारीच संपले."

सावळीराम पाटील म्हसरूळचे. दिंडोरी रस्त्याला लागून त्यांची वडिलोपार्जित जमीन. त्यावर एके काळी टोमॅटो यायचा. आता तिथे लॉन्स येणार होतं. नाशिकला रस्त्याकडेच्या कुठल्याही शेताला एक वय झालं की लॉन्स होण्याचे वेध लागतात. एकदा हिरवळ अंथरली आणि कमान उभी केली, की शेतात पिकाऐवजी लग्नं यायला लागतात. पण सातबाऱ्यावर सावळीरामांच्या जोडीला त्यांच्या मोठ्या बहिणीचंही नाव होतं. नवसाबाई. वणीला दिलेल्या. त्यांच्याकडून हक्कसोड पत्र, म्हणजे माझा हिस्सा मी भावाला आनंदानं सोडते असा कागद, नोंदवून घ्यायचा होता. 'आनंदानं' हा शब्द बोरस्ते साहेबांच्या मसुद्यात तीनदा होता.

सोमवारी निबंधक कार्यालयात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सगळे ओळीनं बसले. आधी सावळीराम, पांढऱ्या कडक कपड्यांत, फोनवर हिरवळीचा भाव करत. मग नवसाबाई, मांडीवर नव्या साडीची पिशवी. मग सुयश, ओठ मिटून. मग दत्तूभाऊ, सुयशवर लक्ष ठेवून. टोकनाची वेळ अकरानंतरची होती.

सुयशनं खरोखर एक शब्द काढला नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. तो समोरचा 'शांतता राखा' हा फलक पुन्हा पुन्हा वाचत होता. अडचण एकच झाली. नवसाबाईही गावच्याच होत्या.

"कुठला रे तू?" त्यांनी विचारलं.

सुयशनं दत्तूभाऊंकडे पाहिलं. विचारायचं नाही असा हुकूम होता, उत्तर द्यायचं नाही असा नव्हता. "मखमलाबादचा."

"कुणाचा?"

"गोटीराम काकडांचा."

"झेंडूवाला गोटीराम? अरे, तुझी मोठी आत्या आमच्या वणीला दिली! नदीकडच्या आळीत. दसऱ्याला फुलं पाठवितो ना तुझा बाप? गेल्या साली मला दिली होती तिनं ओंजळभर."

दत्तूभाऊंनी कपाळाला हात लावला. ओळख झाली होती, पाचही टप्प्यांची, आणि सुयशनं एक प्रश्नही विचारला नव्हता. नवसाबाईंनी मग आपलं सगळं सांगितलं. दोन मुली, एक मुलगा, गुडघे, म्हैस. सांगता सांगता त्या पिशवीतल्या साडीवरून हात फिरवत होत्या. सुयशला राहवलं नाही. त्याच्या आतल्या पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं वाक्य बाहेर आलं.

"मावशी, आजचा कागद कशाचा आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

त्याला वाटलं होतं, बाई म्हणतील, नाही रे बाबा, मला काय कळतंय. मग तो मुलींच्या समान हक्काचा कायदा समजावणार होता. भाषण त्याच्या तोंडात तयार होतं. चषक मिळवलेला माणूस तो.

"म्हंजे? येडी समजतो का मला?" नवसाबाई म्हणाल्या. "हिस्सा सोडायचा कागद हाय. पोरीला पोराएवढाच वाटा राहतो, टीव्हीवर रोज सांगता. माझी नात मोबाइलवर दाखविती."

भाषण सुयशला गिळावं लागलं. "मग... तुम्हाला मान्य आहे?"

नवसाबाईंनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "माझ्या धाकल्या जावंनं सही नाय दिली. कोर्टात गेली. वाटा भेटला तिला. पण भाऊबीजेला ताट करून बसती, अन् दारात कोणी नाय. मी नाय म्हणले, त सावळ्याबी यायचा नाय." मग सुयशकडे वळून म्हणाल्या, "पण मान्य हाय का, असं कोणी विचारलंच नव्हतं रे. साडीचा रंग तेवढा विचारला."

टोकनाचा आकडा पुकारला गेला.

टेबलापलीकडच्या साहेबांनी कॅमेरा नवसाबाईंकडे वळवला आणि संगणकावरून नजर न उचलता म्हटलं, "ओळखदार कोण? यांना व्यक्तिशः ओळखता?"

"ओळखतो," सुयश म्हणाला.

"करा सही."

"नाही करता येणार."

साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. "ओळखता ना?"

"ओळखतो म्हणूनच. ओळखत नसतो तर केली असती बहुतेक. यांना अजून विचार करायचाय, साहेब."

"हां," नवसाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच नवल वाटल्यासारखं दिसलं. "करायचाय इचार."

सावळीरामांनी फोन कानावरून काढला. पलीकडून कोणीतरी हिरवळीचा शेवटचा भाव सांगतच होतं. "आक्का! अगं, साडी घेतली ना तुला!"

"चांगली हाय साडी. घरी जाऊन नेसून बघते." आणि त्या उठल्या.

संध्याकाळी बोरस्ते साहेब इतक्या खालच्या आवाजात बोलले, की दत्तूभाऊंना दाराला कान लावावा लागला.

"काकड, तुझे सहा महिने झाले."

"साहेब, चार झालेत."

"माझ्या कॅलेंडरमध्ये सहा झाले."

सुयशनं कोट काढून हातावर घेतला. दुसऱ्या सकाळी तो मळ्यात फुलं तोडायला उतरला. गोटीरामांनी त्याच्या जोडीनं दोन वाफे उरकले. मग म्हणाले, "काय केलंस?"

"एका बाईला विचारलं, हे तुम्हाला मान्य आहे का."

"अन् एवढ्यावर काढलं?"

"हो."

गोटीरामांनी हातातली फुलं पाटीत टाकली. "माझ्याकडं कोणी हार मागायला आला, तर मीबी विचारतो. नवरदेवाला का तिरडीला? विचारल्याबिगर गुंफू कसा?" पुढच्या झाडाकडे वळत म्हणाले, "वकिलीत हे चालत नसंल, त अवघड धंदा हाय बाबा तुमचा." मग दोघे पुन्हा वाकले.

चौकातला फ्लेक्स अजून होता. उन्हानं कर्दनकाळाचा चेहरा जरा फिका पडला होता, शुभेच्छुकाचा मात्र पडला नव्हता. सुयश आठवडाभर त्या चौकातून न जाता लांबच्या रस्त्यानं फुलबाजारात जात होता.

आठव्या दिवशी सावळीराम पाटील बोरस्ते साहेबांच्या ऑफिसात आले. कडक कपडे जरा चुरगळलेले होते.

"आक्का अंगठा द्यायला तयार हाय," ते म्हणाले. "पण हक्कसोड नाय म्हणती. वाटणीपत्र म्हणती. रस्त्याकडची पंधरा गुंठे तिला, बाकी सगळं मला."

"रस्त्याकडची? तिथे तर तुमची कमान आहे ना? लॉन्सचं फाटक?"

"तेच तर. मी म्हणलो, मागची वीस घे. म्हणे नाय, फाटकाचीच पंधरा. लॉन्स चालव म्हणती, तुला कोण अडवतं. जागा तेवढी माझ्या नावावर राहू दे."

"कबूल करू नका."

"साहेब, चौदा लग्नांची बुकिंगं घेतली मी. पहिलं पुढल्या महिन्यात." सावळीरामांनी घाम पुसला. "अन् आणखी एक. कागद त्या झेंडूवाल्याच्या पोरानं लिहायचा, अन् ओळखबी त्यानंच द्यायची. दुसऱ्या कोणाच्या कागदावर ती अंगठा ठेवणार नाय."

"तो मुलगा आता आमच्याकडे नसतो."

"मग आणा त्याला! नाय त मी दुसरा वकील बघतो."

बोरस्ते साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. तीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी कधी स्वतःहून तडजोड मागितली नव्हती. त्यांनी घसा खाकरला. या वेळी तारीख कुणीच मागितली नाही. मग दत्तूभाऊंना हाक मारली.

दत्तूभाऊ स्कूटरवरून मळ्याच्या बांधावर येऊन उभे राहिले. "चल रे. साहेबांनी बोलावलंय."

"कशाला?"

"कारण सांगू नकोस म्हणालेत." दत्तूभाऊंनी स्कूटर स्टॅंडला लावली. "तर कारण असं, की..."

वाटणीपत्राचा मसुदा हा सुयशच्या आयुष्यातला पहिला खरा दस्त. पहिली प्रत त्यानं पाच वर्षांचं शिक्षण पणाला लावून लिहिली. त्यात एक वाक्य दीड पानाचं होतं आणि दोन लॅटिन शब्द होते. वणीला जाऊन त्यानं ती नवसाबाईंना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत मान हलवत ऐकलं आणि विचारलं, "हे झालं देवाचं. आता माझं कधी वाचतो?" दुसरी प्रत त्यानं तिथेच, ओट्यावर बसून लिहिली. ती दीड पानात बसली. आत्या मधूनमधून चहा आणि सूचना देत होती.

लिहून झाल्यावर त्यानं पेन्सिलीची आणखी एक खूण पाळली. "मावशी, मी तुमच्या भावाच्या वकिलांचा ज्युनिअर आहे. हा कागद तुमच्या बाजूनं दुसऱ्या वकिलानं बघायला हवा."

"तू लिहिला ना?"

"म्हणूनच."

तो कागद योगिनीनं पाहिला. तिनं एक चूक काढली, एक ओळ वाढवली आणि नवसाबाईंना विचारलं, "आजी, मागची वीस गुंठे सोडून पुढची पंधराच का घेतली?"

"मागं कोण येतं बाई?" नवसाबाई म्हणाल्या. "फाटकाची जागा माझी असली, म्हंजे रंग द्यायचा, खांब हालवायचा, काय केलं तरी सावळ्याला मला फोन करावा लागंल. भाऊबीज विसरंल, पण लग्नाचा सीझन नाय विसरणार तो."

योगिनीनं त्या दिवशी आपल्या सीनियरला सांगितलं, की कायद्याच्या पुस्तकात नसलेलं एक कलम आज पाहिलं.

पुन्हा तेच कार्यालय, त्याच खुर्च्या. या वेळी बोरस्ते साहेब स्वतः आले होते. टोकन आलं. नवसाबाईंनी अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्रानं लाल दिवा लावला. पुसून ठेवला, पुन्हा लाल. टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, दुसरं बोट. मग तिसरं. साठ वर्षं निंदणी, भांडी आणि म्हशीचं दूध काढून नवसाबाईंच्या बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. सरकारच्या यंत्राच्या मते अशी बाई अस्तित्वातच नव्हती. सावळीराम खुर्चीच्या कडेला आले. चौदा लग्नं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकताना दिसत होती.

"ओळखदार नीट आहेत का?" टेबलापलीकडचे साहेब वैतागून म्हणाले. "कोण ओळखतं यांना? म्हणजे खरंच ओळखतं?"

सुयश पुढे झाला. "नवसाबाई. माहेर म्हसरूळ, सासर वणी, नदीकडची आळी. दोन मुली, एक मुलगा. उजवा गुडघा दुखतो, पायरी चढताना डावा पाय आधी टाकतात. भाऊ सावळीराम, हे बसलेत ते, वयानं सहा वर्षांनी लहान. लहानपणी यांनीच त्याला कडेवर घेऊन शाळेत सोडलाय. म्हशीचं नाव..."

"पुरे, पुरे!" साहेबांनी हात वर केला. "म्हैस दस्तात नाही. मावशी, डाव्या हाताचं मधलं बोट ठेवा बरं. जरा दाबून."

हिरवा दिवा लागला.

सुयशनं सही केली. पूर्ण नाव, संथपणे, वळणदार. दत्तूभाऊंनी त्याच्याखाली आपली नेहमीची वेडीवाकडी सही केली. मग का कोण जाणे, ते नवसाबाईंकडे वळून म्हणाले, "आक्का, वणीला तुमच्याकडं पाऊस कसा काय?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखाद्या ओळख दिलेल्या माणसाला काही विचारलं असावं. नवसाबाईंनी पावसापासून सुरुवात केली आणि दत्तूभाऊंच्या सासुरवाडीपर्यंत त्यांना घेऊन गेल्या.

बाहेर पायऱ्यांवर बोरस्ते साहेब आणि सुयश एकमेकांकडे न बघता उभे होते. खाली सावळीराम बहिणीसाठी गाडीचं दार उघडून धरत होते. कमानीवर नाव कोणतं टाकायचं, असं ते तिला विचारत होते. ती गाडीत बसली. म्हणाली, "फोन कर, सांगते."

"काकड," बोरस्ते साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"उद्यापासून तू ओळखीच्या सह्या अजिबात करायच्या नाहीत. एकही नाही. ते दत्तू बघेल."

सुयशचा चेहरा उतरला. "म्हणजे मी..."

"सकाळी साडेदहाला चौथ्या कोर्टात ये. कोट इस्त्री करून. आडगावच्या बांधाचा दावा आहे, साक्षीदार तू तपासायचास." साहेब एक पायरी उतरले आणि थांबले. "किती वेळ लागेल तुला, एका साक्षीदाराला?"

सुयशनं प्रामाणिकपणे विचार केला. "साहेब, माणूस कुठला आहे त्यावर आहे."

बोरस्ते साहेबांनी खिशातून फोन काढला आणि दत्तूभाऊंना सांगितलं, की चौथ्या कोर्टातली आपली उद्याची बाकीची सगळी कामं पुढच्या तारखेला टाक.